आत्या मोठी, पण नेमकी किती?

प्रश्न : माझे बाबा आणि आत्या यांचं दर भाऊबीजेला एक भांडण ठरलेलं असतं. आत्या म्हणते, "मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, जरा मान ठेवून बोल." बाबा म्हणतात, "चारच!" शाळेच्या दाखल्यावर आत्याची जन्मतारीख 1 जून 1956 आणि बाबांची 1 जून 1961 आहे. बाबांचा महापालिकेचा जन्मदाखला मात्र 3 जून 1961 सांगतो. आत्या घरीच जन्मली, तिची नोंद मिळत नाही. आजीच्या ट्रंकेत तिची पत्रिका सापडली : शके 1878, माघ वद्य, पुढे तिथीवर पानशेतच्या पुरातल्या गाळाचा डाग, मग मंगळवार, इं. ता. 19 फेब्रुवारी, सूर्योदयात् गत घटी 54 पळे 10. इंग्रजी सन लिहिलेला नाही. शकात 78 मिळवून मी 1956 धरलं. माझ्या हिशेबानं अंतर येतं 5 वर्षं 3 महिने 13 दिवस. भावाच्या मते 15 दिवस, आमच्या ह्यांच्या मते 14. कुणाचं खरं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही तिघांनीही वजाबाकी नीट केली आहे, पण ज्या तारखेतून केली ती तारीखच चुकलेली आहे. तेव्हा आधी तारखा ताब्यात घेऊ.

शाळेचे दाखले बाजूला ठेवा. हे मी सांगतोय म्हणजे घरचाच आहेर आहे. पुण्यातल्या एका पेठेतल्या शाळेच्या ऑफिसात मी 31 वर्षं काढली, शेवटची 12 हेडक्लार्क म्हणून. जनरल रजिस्टर माझ्याच कपाटात असायचं. जुनं रजिस्टर उघडलं की जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून, खाली 1 जून, त्याच्याखाली पुन्हा 1 जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तोवर मुलाचं वय पुरं दिसायला हवं. आईला तारीख विचारली तर ती म्हणणार, "शिमग्याच्या आसपास झाला बघा." मग गुरुजी 1 जून लिहून मोकळे. साल कधी पुढे, कधी मागे. त्या रजिस्टरात दोन-चार 1 जून माझ्या अक्षरातलेही आहेत, त्यामुळे मी फार आवाज चढवत नाही. बाबांच्या बाबतीत गुरुजींनी दोनच दिवस इकडचे तिकडे केले. आत्याला मात्र चांगलंच मोठं करून ठेवलंय, ते पुढे येईल.

बाबांची 3 जून 1961 पक्की धरा. घरातली आठवण तिला जुळते का तेही पाहा. पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला, बुधवारी. त्या दिवशी बाबा 39 दिवसांचे होतात. तुमच्या घरात कुणी "पुराच्या वेळी हा सव्वा महिन्याचा होता" असं म्हणत असेल तर ते अगदी बरोबर आहे. पुण्यातल्या त्या पिढीचं वय काढायचं असेल तर मी आधी पुराचंच विचारतो. पूर आला तेव्हा आपण कडेवर होतो की चालत होतो, हे माणूस विसरत नाही.

आता आत्या. तुमची मोठी चूक इथे आहे. शकात 78 मिळवून इंग्रजी सन येतो, पण तो गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. 1 जानेवारीला इंग्रजी सन बदलतो आणि शक मात्र पाडव्यापर्यंत जुनाच चालतो. म्हणून 1 जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवायचे; माघ आणि फाल्गुन त्यातच येतात. शिवजयंतीचा वाद ऐकत आपण सगळे मोठे झालो, त्यातलंच उदाहरण घ्या : फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. त्यात 79 मिळवले की 1630. तुमच्या पत्रिकेत माघ आहे, म्हणून 1878 अधिक 79, म्हणजे 1957.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, वार पडताळा. 19 फेब्रुवारी 1957 ला मंगळवार होता. 19 फेब्रुवारी 1956 ला रविवार. तिथीवर डाग पडला तरी वार वाचता येतोय, हे तुमचं नशीब. जुन्या कागदात आकडा चुकतो, शाई उडते. वार आणि तारीख दोन्ही जुळले तर मी निर्धास्त होतो.

एवढ्यानं भागत नाही, अजून एका दिवसाची भानगड आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री. पत्रिकेत सूर्योदयानंतर 54 घटी 10 पळं गेल्याचं लिहिलंय. एक घटी 24 मिनिटांची, 60 पळांची एक घटी. म्हणजे 21 तास 40 मिनिटं. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सकाळी सातला 21 तास 40 मिनिटं मिळवली की पहाटेचे चार चाळीस होतात, तेही दुसऱ्या दिवशीचे. जोशीबुवांच्या लेखी अजून मंगळवारच चालू होता आणि त्यांनी त्याच मंगळवारची इंग्रजी तारीख टाकून दिली. कॅलेंडरच्या हिशेबानं आत्याचा जन्म बुधवारी, 20 फेब्रुवारी 1957 ला झाला.

आता दोन तारखा हाती आल्या : 20 फेब्रुवारी 1957 आणि 3 जून 1961. आधी नुसते दिवस मोजा, कारण दिवसांत वाद होत नाही. 20 फेब्रुवारी 1957 ते 20 फेब्रुवारी 1961 ही चार वर्षं. मध्ये 1960 चं लीप वर्ष येतं, म्हणून 1461 दिवस. पुढे फेब्रुवारीचे 8, मार्चचे 31, एप्रिलचे 30, मेचे 31 आणि जूनचे 3, असे 103. एकूण 1564. दोन्ही टोकांचे दिवस धरू नका, नाहीतर एक वाढेल. पडताळा वारानंच : 1564 ला 7 नी भागलं तर बाकी 3 उरते, बुधवारच्या पुढे तिसरा वार शनिवार, आणि 3 जून 1961 ला शनिवारच होता.

वर्ष-महिने-दिवस करायला गेलं की मात्र तुमच्या घरातलं भांडण परत सुरू होतं, कारण महिना ही धड लांबीची वस्तूच नाही. आत्याच्या जन्मापासून पुढे चालत या : 4 वर्षं, मग 3 महिन्यांनी 20 मे, तिथून 3 जूनपर्यंत 14 दिवस. बाबांच्या जन्मापासून मागे जा : 4 वर्षं, 3 महिने मागे 3 मार्च, तिथून 20 फेब्रुवारीपर्यंत 11 दिवस. पाटीवर 3 मधून 20 जात नाहीत म्हणून 30 चा महिना उसना घेतला तर 13. मे 31 चा आणि फेब्रुवारी 28 चा, एवढाच काय तो फरक. तुम्ही बहुधा मागे गेलात, भाऊ पुढे चालला आणि तुमच्या यजमानांनी 30 उसने घेतले. तुमच्या चुकीच्या तारखेवर या तिन्ही रीतींनी बरोबर 13, 15 आणि 14 च येतात.

मी पुढे चालत येतो. वाढदिवस आपण तसेच साजरे करतो आणि वयही तसंच सांगतो. म्हणून माझं उत्तर 4 वर्षं 3 महिने 14 दिवस. यजमानांचे 14 आडवाटेनं का होईना मुक्कामाला पोचले, तेवढं श्रेय त्यांना द्या.

कॉम्प्युटरवर करणार असाल तर दोन चौकटींत दोन तारखा टाका आणि सरळ वजा करा, 1564 येतील. फक्त 3/6/1961 असं टाकल्यावर त्यानं ते 6 मार्च वाचलं नाही ना, हे बघा. अमेरिकी पद्धत लावलेली असली की महिना आधी धरला जातो. आणि नुसती सालं कधी वजा करू नका. टिळक आणि आगरकर दोघंही 1856 चे, सालांची वजाबाकी शून्य. पण आगरकर 14 जुलैचे, टिळक 23 जुलैचे. केसरीचे पहिले संपादक टिळकांपेक्षा 9 दिवसांनी मोठे होते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी माझ्यातला कारकून गप्प बसत नाही. आत्या राज्य सरकारच्या नोकरीत असती आणि दाखल्याप्रमाणे 58 व्या वर्षी निवृत्त झाली असती, तर 1 तारखेचा जन्म म्हणून आदल्याच दिवशी, 31 मे 2014 ला घरी आली असती. खऱ्या तारखेनं ती 28 फेब्रुवारी 2015 पर्यंत राहिली असती. नऊ महिन्यांचा पगार गुरुजींच्या एका ओळीत गेला. ती नोकरीत होती की नाही, ते तुम्हाला ठाऊक. पण आता या वयात दाखल्यावरची तारीख बदलायच्या फंदात पडू नका. आधार, पॅन, बँक, सगळं त्याच तारखेवर बसलेलं असणार.

भाऊबीजेला बाबांना जिंकल्याचं सांगा, पण जरा हळू. त्यांचा जन्म झाला तेव्हा आत्याला चार पुरी होऊन पाचवं लागलं होतं. जुन्या बायका चालू वर्षच सांगायच्या, तेव्हा आजीनं "पाचव्या वर्षी हिला भाऊ झाला" असंच म्हटलं असणार आणि आत्या तेच ऐकत मोठी झाली असणार.