वाघाचं सोडा, गवा बघा

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही सहाजण पुण्याहून दाजीपूरला निघालोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलगा आठवीत आहे आणि त्याला वाघच बघायचाय. एका दिवसात अभयारण्य, राधानगरी धरण आणि फोंडा घाटातून कोकण असं सगळं उरकेल का? आपली गाडी आत नेता येते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उरकेल की! फक्त दिसणार काही नाही. कोकण या खेपेला सोडा आणि राधानगरीत दोन रात्री मुक्काम ठेवा.

मुलाला निघायच्या आधीच सांगून टाका, की हे ताडोबा नव्हे. या पट्ट्यात वाघाचा वावर अधूनमधून नोंदला जातो, पण त्याच्या भरवशावर सुट्टी आखू नये. दाजीपूरचं जंगल 1958 साली राखीव झालं ते गव्यांसाठी, आणि 1985 मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य सुमारे 351 चौरस किलोमीटरचं झालं. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. काळं तुकतुकीत अंग, चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. असा गडी सड्याच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराच्या, कडेला मान वर करून उभा राहिला की आठवीतलं पोरही गप्प बसतं. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, म्हणून उरलेल्या पाण्यावर कळप येण्याची शक्यता जास्त. मात्र पहाटेच प्रवेशद्वारावर हजर राहा. दहा वाजता नाश्ता करून निघणाऱ्यांना झाडं दिसतात. तीही चांगली आहेत म्हणा, वर बघत राहिलात तर शेकरू आणि त्याचं घरटं सापडेल.

गाडी बाहेरच ठेवा. आतला रस्ता कच्चा, दगडधोंड्यांचा आहे, तिथे स्थानिक जीपच बरी. वाटाड्या सोबत घ्याच. झाडीतला गवा त्याला दिसतो, आपल्याला नाही. गवा दिसला तर खाली उतरायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. शांत दिसतो म्हणून गरीब समजू नका. सासूबाईंना मात्र जीपचे धक्के सोसणार नाहीत. त्यांनी त्या सकाळी मुक्कामी आराम करावा, दुपारी सगळ्यांनी मिळून धरणावर जावं.

धरणावर घाई नको. शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं, पण त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. राधानगरी हे नाव त्यांच्या कन्या राधाबाईंचं आणि जलाशयाचं लक्ष्मी तलाव हे नाव राणी लक्ष्मीबाईंचं. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की त्याच्याच दाबाने ते उघडतात. कोल्हापुरात पावसाळ्यात 'किती दरवाजे उघडले?' हा प्रश्न चहाच्या आधी विचारला जातो, कारण पुढे पंचगंगेला पाणी किती चढणार ते त्यावर ठरतं. मेमध्ये दरवाजे बंदच असतात, पण मुलाला यंत्रणा समजावून सांगा. वाघाची भरपाई थोडीफार होईल.

महिनाअखेरीस आलात तर काजवे चुकवू नका. पावसाच्या तोंडावर इथली झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर उजेड करून मादीला बोलावतो, म्हणून बॅटरी, मोबाईल आणि गाडीचे दिवे बंद. फोटो येत नाही, उगाच खटपट करू नका. आणि एखादा काजवा बाटलीत भरून नेणारा तुमच्यात असेल, तर त्याला पुण्यातच ठेवून या.

येताना निपाणीकडून आलात तर मुधाळ तिट्ट्याजवळ आदमापूर लागतं. तिथे बाळूमामांचं दर्शन घेता येतं. सासूबाईंची ती इच्छा असेलच, नसली तर मला नवल वाटेल.

प्रश्न : आम्हाला जुलैतच रजा मिळते. पावसात दाजीपूर कसं वाटेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. कुणी 'मागच्या वाटेने नेतो' म्हणालं तर जाऊ नका. पण आजूबाजूचा मुलूख तेव्हाच खरा बघण्यासारखा. राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा बघा, दरवाजे उघडले असतील तर धरणाखालची भोगावती लांबूनच बघा, आणि फोंडा घाटात धुकं उतरलं असेल तर गाडी सावकाश हाका. छत्री तिथे टिकत नाही, रेनकोट आणा. एवढंच सांगते, की शनिवार-रविवार टाळा. धबधब्याखाली मोठ्याने गाणी लावणारी मंडळी नेमकी त्याच दोन दिवशी येतात.