अमेरिकेतल्या संघांनी 'इंडियन्स', 'रेडस्किन्स' ही नावं बदलायची खरंच गरज होती का? त्यात अपमान कसला?

होती. आणि उशीरच झाला.

बारा वर्षं क्लीव्हलंडमध्ये काढली, म्हणून लिहितोय. तिथल्या बेसबॉल संघाचं नाव 'इंडियन्स', लोगो 'चीफ वाहू': लालभडक तोंड, बत्तिशी बाहेर, डोक्यात एक पीस. आम्हा देशी मंडळींना काय कौतुक! आपलाच संघ म्हणत मी चार टोप्या घेतल्या. एक साताऱ्याला वडिलांना पाठवली, ते ती घालून सकाळी फिरायला जायचे.

2015 च्या एप्रिलमध्ये सीझनची घरच्या मैदानावरची पहिली मॅच होती. बाहेर दरवर्षीसारखे नेटिव्ह अमेरिकन लोक (अमेरिकेचे मूळ रहिवासी, ज्यांना गोरे 'इंडियन' म्हणत आले) नावाच्या निषेधाचे फलक घेऊन उभे. मी टोपीत, अंगात आलेलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याला म्हणालो, "खरा इंडियन मी, मला तर राग येत नाही." तो हसला नाही. टोपीकडे बोट करून म्हणाला, "हा तुझ्या आजोबांसारखा दिसतो?" तेवढ्यात तोंडाला लाल रंग फासलेली, पिसं खोचलेली दोन पोरं ओठांवर हात आपटत, वू-वू करत त्याला जवळजवळ घासून गेली. तो जागचा हलला नाही. मॅच कोण जिंकलं आठवत नाही. टोपी खिशात गेली ती गेलीच. (वडिलांना अजून काही बोललेलो नाही.)

2018 च्या सीझननंतर वाहू गणवेशावरून गेला. 2022 पासून संघ 'गार्डियन्स' आहे, शहरातल्या पुलावरच्या पुतळ्यांवरून. कुणाचं काही बिघडलं नाही.

माझा व्हर्जिनियातला साडू मात्र वॉशिंग्टनच्या 'रेडस्किन्स' (म्हणजे 'लाल कातडीवाले') या अमेरिकन फुटबॉल संघाचा भक्त. हा शब्द तिकडे सरळ शिवी मानतात. 1933 पासूनचं ते नाव 2020 मध्ये सोडलं, तेही बड्या प्रायोजकांनी डोळे वटारल्यावर. साडू म्हणतो, "नावात काय ठेवलंय? मानच दिलाय त्यांना." हाच गृहस्थ मुंबईत शिकताना वसतिगृहात कुणी 'घाटी' म्हटलं म्हणून कॉलर धरायला गेला होता. ती गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकतो. उद्या 'मुंबई घाटी' नावाचा संघ काढला, लोगोत पुढे आलेले दात आणि तिरकी टोपी, तर मान समजून घेशील का, विचारलं. म्हणे, "ते वेगळं."

हां, फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने तिथल्या विद्यापीठाला खेळाच्या संघांसाठी आपलं नाव वापरायला स्वतः संमती दिली आहे. तिथे माझं काही म्हणणं नाही. आणि 2016 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पाहणीत दहातल्या नऊ नेटिव्ह लोकांनी 'रेडस्किन्स'चा त्रास होत नाही असं सांगितलं होतं, हेही खरं. साडूने ती लिंक मला तीनदा पाठवली आहे. तिसऱ्यांदा मी उलट विचारलं, "दहातल्या नऊ मराठी माणसांना 'घाटी'चं काही वाटत नसतं, तर तू कॉलर सोडली असतीस का?"

ब्लू टिक आलीय. उत्तर नाही.