हेंड्रिक्स वाजवतोय आणि पोरी ओरडतायत ‘डेव्ही, डेव्ही’

प्रश्न : दादा, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले बघायला गेलो होतो. आधी शोन, एल्याना, जसलीन रॉयल असे सगळे गाऊन गेले, आणि आमच्या आजूबाजूचे निम्मे लोक खाण्याच्या लाइनीत नाहीतर सेल्फीत. नंतर जसलीनला नेटवर एवढं धुतलं की मलाच कसंतरी झालं. हे ओपनिंग ॲक्ट ठेवतातच कशाला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अरे, एवढं स्टेडियमभर पब्लिक एकदम आत येत नाही ना, दुपारपासून येत राहतं, त्यांना नुसतं उन्हात बसवलं तर मुख्य बँड येईपर्यंत सगळे वैतागलेले असतात. आपल्याकडे तमाशात वगाच्या आधी गण, गवळण, बतावणी असतेच की. फरक एवढाच की तिथे फड तोच असतो, इथे दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून जाऊन आपलं गाणं म्हणायचं असतं.

आणि त्या पाहुण्याला मिळतं काय तेही बघ. साउंडचेक, म्हणजे शोआधी वाद्यं-माइकचा आवाज तपासणं, बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतो, म्हणजे मोठा बँड आधी आणि सगळ्यात पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडामांड तशीच ठेवता येते. पण मोठ्यांनी वेळ खाल्ला तर याच्या वाट्याला दहा मिनिटं, कधी तीही नाहीत. मागे मोठ्या बँडचा ड्रमसेट काळ्या कापडाखाली झाकलेला, याने पुढच्या पट्टीत उभं राहायचं, आणि लाइट-स्क्रीनचा खरा खजिना नंतरसाठी राखून ठेवलेला. तेव्हा ओपनरचा आवाज पातळ वाटला तर दरवेळी दोष गळ्याचा नसतो.

प्रश्न : आजवरचा सगळ्यात लक्षात राहिलेला ओपनिंग ॲक्ट कोणता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लक्षात राहिलेला म्हणजे गाजलेला की फसलेला? मला विचाराल तर फसलेलेच जास्त मजेशीर.

१९६७ चा जुलै, अमेरिका. टीव्ही मालिकेसाठी जमवलेला द मंकीज नावाचा बँड, फॅन कोण तर शाळकरी मुली, कित्येकींच्या बरोबर आई. आणि त्यांच्या आधी कोण वाजवतोय? जिमी हेंड्रिक्स, गिटारवरचं रॉकचं वादळ! म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला डीजे लावल्यासारखं. गंमत म्हणजे मंकीजमधल्याच पोरांनी जूनमध्ये माँटेरीच्या फेस्टिव्हलला त्याला ऐकलं होतं आणि ती पार वेडी झाली होती, त्यांना रोज फुकटात हेंड्रिक्स ऐकायचा होता. पण मुलींना हवा होता मंकीजचा गायक डेव्ही जोन्स. हेंड्रिक्स गिटारशी झुंजतोय आणि समोरून ‘डेव्ही, डेव्ही’. आठ-दहा दिवसांत तो टूर सोडून गेला. वर बातमी अशी सोडली की एका अमेरिकन महिला संघटनेने त्याच्या अश्लील वाजवण्याबद्दल तक्रार केली. ती थाप होती, पण खपली.

प्रिन्स या अमेरिकन गायकाचं तर याहून वाईट. ऑक्टोबर १९८१, लॉस एंजेलिसचं कॉलिझियम स्टेडियम, याच्यानंतर वाजवणार रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड. हा लांब कोट आणि खाली तोकडी चड्डी घालून आला, समोर रॉकवाले गडी, त्यांनी हुर्यो करून जे हाताला लागेल ते फेकायला सुरुवात केली. बिचारा थोडक्यात आटोपून उतरला आणि थेट घरी, मिनियापोलिसला. मग स्टोन्सचा गायक मिक जॅगर फोनवर बोलला, प्रिन्सच्या बँडमधला गिटारिस्ट डेझ डिकरसन समजूत घालत बसला, तेव्हा दोन दिवसांनी परत आला आणि परत मार खाल्ला. १९८४ ला त्याचा ‘पर्पल रेन’ अल्बम आला तेव्हा त्याच्या तिकिटासाठी मारामारी होती. माणूस तोच, फक्त समोरचे लोक आता त्याचे होते.

उलटंही होतं बरं का. मे १९६३, इंग्लंड, अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसन आणि बीटल्सची टूर. ठरली तेव्हा ऑर्बिसन मुख्य होता, पण बीटल्स एवढे वर गेले की शेवटचा नंबर त्यांना मिळाला. हा चष्मा घातलेला माणूस, नाचणं नाही, उड्या नाहीत, एका जागी उभं राहून गायचा, आणि पब्लिक त्याला सोडेचना, वन्समोअरवर वन्समोअर, आणि बीटल्स आपले पडद्यामागे ताटकळत. अशा माणसाच्या नंतर गायचं म्हणजे काय याचा घाम त्या चौघांना फुटला असणार.

आपल्याकडचं म्हणाल तर मार्च २००७, बंगळुरूचं पॅलेस ग्राउंड, आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा भारतातला पहिला शो आणि आधी दिल्लीचा परिक्रमा हा रॉक बँड. मेटलवाल्या पब्लिकसमोर व्हायोलिन घेऊन उतरायचं म्हणजे जिगर लागते! ते टिकले, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या डाउनलोड या रॉक फेस्टिव्हललाही वाजवून आले.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बँडला एका मोठ्या बँडच्या आधी २० मिनिटं मिळालीयेत. जाम टेन्शन आलंय. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अभिनंदन रे! २० म्हणजे १८ वाजव. २००६ मध्ये एरिक चर्च नावाचा कंट्री गायक रास्कल फ्लॅट्स या बँडच्या आधी गायचा, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला वेळेच्या पुढे गात राहिला आणि टूरमधून गेला. त्याच्या जागी एक १६ वर्षांची पोरगी घेतली. टेलर स्विफ्ट. पुढे तिने आपली पहिली गोल्ड रेकॉर्ड (भरपूर खपलेल्या अल्बमसाठी मिळणारा मान) त्याला पाठवून दिली.

पहिल्या दोन गाण्यांत बोलू नकोस, ट्यूनिंग खालीच करून वर जा, आणि जमलेली पोरं मोठ्या बँडसाठी आलीयेत याचा राग धरू नकोस. ‘आवाज येत नाहीये नाशिक’ वगैरे तर अजिबात नको, त्यांचा आवाज नंतरसाठी राखलेलाय. ड्रमरला सांग स्वतःचं स्नेअर (मधला छोटा ड्रम) आणि सिंबल (पितळी थाळ्या) घेऊन ये, मोठ्या बँडने ड्रमसेट वापरू दिला तरी सिंबलला हात लावू देतीलच असं नाही.