टायरामीन, पार्किन्सनची गोळी आणि शिळे मटण

प्रश्न : वडिलांना पार्किन्सनसाठी रॅसाजिलिन सुरू आहे. टायरामीन असलेले पदार्थ जपून खावेत, असे सोबतच्या पत्रकात छापले आहे. शरीरात ट्रेस अमाइनचे स्वतंत्र ग्राही (रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिने) असतात असे वाचले. रक्तदाब त्यांच्यामुळेच वाढतो का? आमच्याकडे सावजी मटण नेहमीचे, काय टाळावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : टायरामीन, फेनिलइथिलअमाइन आणि ट्रिप्टामीन ही ट्रेस अमाइने शरीरात अत्यल्प सापडतात, कारण मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ती तयार होताच मोडून टाकते. त्यांना प्रतिसाद देणारे ग्राही 2001 मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे शोधले. त्यांपैकी टीएएआर-1 (ट्रेस अमाइन ग्राहींच्या कुटुंबातील पहिला) हा मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींवर लगाम ठेवतो. ज्या उंदरांत त्याचे जनुक काढून टाकलेले असते, त्यांच्या या पेशी अधिक वेगाने संदेश सोडतात आणि अॅम्फेटामीनचा परिणामही त्यांच्यावर तीव्र होतो.

रक्तदाबाची गोष्ट मात्र मुख्यतः वेगळ्या वाटेने घडते. रक्तात शिरलेले टायरामीन चेतातंतूंच्या टोकांत जाऊन तेथे साठवलेले नॉरअॅड्रेनालिन हे संदेशवाहक रसायन बाहेर ढकलते, त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. एरवी आतडे आणि यकृत, प्रामुख्याने मोनोअमाइन ऑक्सिडेजच्या ए आणि बी या दोन प्रकारांपैकी ए प्रकाराच्या जोरावर, हे टायरामीन आधीच निकामी करतात. वडिलांचे औषध नेहमीच्या मात्रेत बी प्रकारच रोखते, म्हणून जुन्या मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधकांइतके कडक पथ्य त्यांना लागत नाही. टायरामीनचे प्रमाण फार मोठे असलेले पदार्थ तेवढे टाळावेत.

जिवाणू प्रथिनातील टायरोसीन या अमिनो आम्लापासून टायरामीन बनवतात, म्हणून मुरवलेले चीज, सोया सॉस आणि नीट न साठवलेले मांस-मासे यांकडे लक्ष द्यावे. ताजे पनीर आणि ताजे दही यांची धास्ती नको. ताज्या मटणाचा सावजी रस्साही चालेल. मसाल्याचा तिखटपणा हा येथे मुद्दाच नाही. पण मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना रात्रभर ओट्यावर राहिलेले पातेले सकाळी खळखळून उकळले, तरी त्यात बनलेले टायरामीन उष्णतेने नष्ट होत नाही. ते टाकूनच द्यावे.

खरे सांगायचे तर मला मटणापेक्षा खोकल्याच्या औषधाची चिंता अधिक वाटते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले सिरप आणि ट्रामाडॉल किंवा पेथिडीन ही वेदनाशामके रॅसाजिलिनसोबत वर्ज्य आहेत. त्यामुळे मेडिकलमधून परस्पर काही आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि चालू गोळी मनाने बंद करू नये.

प्रश्न : टीएएआर-1 वर काम करणारे स्किझोफ्रेनियाचे औषध येणार होते, त्याचे काय झाले? आणि उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लागू पडतात का?
— औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : युलोटारॉन्ट या औषधाचे दुसऱ्या टप्प्यातील निष्कर्ष 2020 मध्ये आशादायक होते, परंतु 2023 मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्यातील दोन्ही चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरले नाही, प्लासिबो घेणाऱ्यांतही मोठी सुधारणा दिसली होती. त्यावरून ग्राहीलाच निकामी ठरवणे घाईचे होईल, विशेषतः हे औषध सेरोटोनिनच्या 5-एचटी-1ए ग्राहीलाही उद्दीपित करते म्हणून. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावताना मात्र जपावे : उंदरांत टीएएआर ग्राहींच्या कुटुंबाची 15 कार्यक्षम जनुके आहेत, माणसात 6. टीएएआर-1 वगळता उंदरांतील बाकीचे ग्राही वास ओळखण्याचे काम करतात, हे 2006 मध्ये दाखवले गेले.