असील, अशील आणि अस्सल

परसात कोंबड्या पाळणाऱ्या एका वाचकाने बाजारातून उंच, लांब मानेचा कोंबडा आणला. विकणारा त्याला ‘असील’ म्हणाला, शेजाऱ्याने ‘अशील’ लिहिले आणि तिसऱ्याने ‘अस्सल गावठी’ ठरवून टाकले. बरोबर कोणते, आणि कोंबडा खरेच त्या जातीचा आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

कोंबडा तो असील. पण शेजारीही अगदीच चुकलेला नाही. वकिलाकडे जातो तो अशील आणि हा कोंबडा, दोघे एकाच शब्दाची लेकरे. अरबीत ‘अस्ल’ म्हणजे मूळ. त्यावरून ‘असील’ म्हणजे मुळाचा, कुळवंत. वकील दुसऱ्याच्या वतीने बोलतो, म्हणून ज्याचे मूळ भांडण, तो असील. मराठीच्या तोंडी ‘सि’चा ‘शि’ होतो: सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, तसाच कोर्टातला अशील. कोंबडा मात्र हिंदी-दखनी बोलणाऱ्या शौकिनांकडून आपल्याकडे आला असावा, म्हणून त्याचा ‘स’ टिकला, असा माझा तर्क. ‘अस्सल’ आणि ‘कमअस्सल’ याच घरचे. ‘काय हशील?’मधला हशील मात्र वेगळा, तो ‘हासिल’वरून आलेला. आणि ‘शील नाही तो अशील’ ही फोड वकिलांच्या चेष्टेपुरतीच ठेवावी.

‘अस्सल गावठी’ची गंमत अशी की गावठी म्हणजे बहुधा सरमिसळ, तिथे अस्सलचा अर्थ ‘ब्रॉयलर नव्हे’ एवढाच. (त्या ब्रॉयलरमध्येही असिलाचे रक्त आहे! इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये असिलाच्या संकरातून कॉर्निश जात घडली, आणि ब्रॉयलर घडवताना कॉर्निश वापरली गेली.)

आता तुमचा कोंबडा. ‘असील’ हे नाव म्हणजे कुळाचा दावा आहे, आणि बाजारात तो कोणत्याही उंच कोंबड्याच्या नावे ठोकून दिला जातो. नावावर जाऊ नका, डोके बघा. असिलाचा तुरा करवती, उभा नसतो. वाटाण्याएवढ्या गाठींचा, डोक्याला चिकटलेला बुटका असतो. चोचीखालची लाल लोंबती कातडी जवळपास नसतेच. पिसे कमी, आखूड आणि अंगाबरोबर घट्ट, छातीच्या हाडावर तर लाल कातडी उघडी दिसते. पाय भक्कम, शेपटी खाली झुकलेली. रंगावरून जात ठरत नाही: सोनेरी-तांबडा तो पिला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नुरी, काळा कागर. ही जात मूळची आंध्र, ओडिशा, छत्तीसगड पट्ट्यातली; मोठा नर तीन-चार किलो भरतो.

पाळताना दोन नर एका खुराड्यात नकोत, मधली जाळीही एकमेकांना न दिसेल अशी झाकलेली बरी. पिल्लेसुद्धा लवकर भांडू लागतात. पिसे विरळ, म्हणून पावसात आडोसा हवाच. कोंबडी अंडी थोडी देते, पण खुडूक बसली की इतरांचीही अंडी मन लावून उबवते. जात पाळण्याला मनाई नाही. झुंज लावणे मात्र १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

लेखनाचे एक राहिले. वकील-वकिलाचा, जमीन-जमिनीचा, तसेच असील-असिलाचा: एरवी सी दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. पाटी ‘असिल’ अशी रंगवली असेल तर तेवढी वेलांटी बदलून घ्या.