झाडातला रेणू बदलायचाय, पण नोकरी कोण देणार?

तुझं पत्र मिळालं. तू बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, वनस्पतींमधल्या औषधी घटकांच्या रचनेत बदल करून ते शरीराला जास्त उपयोगी कसे करता येतील यावर तुला काम करायचंय, आणि बाबा म्हणतात की निसर्गानं दिलेलं आहे ते चांगलंच आहे, त्यात केमिकल घालून बिघडवायचं कशाला आणि याला नोकरी कोण देणार. शिवाय फार्मसीला न जाऊन चूक केली का, ही भीती आहेच. आधी बाबांचा मुद्दा घेतो, कारण त्याचं उत्तर तुला स्वतःला देता आलं नाही तर या फील्डमध्ये जायला नको असं मला खरंच वाटतं.

झाड तो औषधी पदार्थ आपल्यासाठी बनवतच नाही ना. किडीपासून वाचायला, बुरशीला अडवायला बनवतं. मग तो आपल्या आतड्यातून रक्तात जाईल, लिव्हरमध्ये मोडला जाणार नाही आणि हवा तिथे पोचेल, असं आपोआप कसं होईल? आर्टेमिसिनिनचंच बघ. चीनमधल्या तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमनं 1972 मध्ये ते आर्टेमिसिया ॲनुआ या झाडातून वेगळं केलं, मलेरियावर जबरदस्त चालतं, 2015 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं, पण ते ना पाण्यात धड विरघळतं ना तेलात. मग काय केलं, तर त्यातल्या लॅक्टोन या वळ्यासारख्या भागातला कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) सोडियम बोरोहायड्राइड या रसायनानं रिड्यूस केला, म्हणजे त्यात हायड्रोजन घातला, डायहायड्रोआर्टेमिसिनिन मिळालं, त्याला छोटा मिथाइल गट जोडून ईथर केला की आर्टेमेथर, जे तेलात विरघळतं, आणि सक्सिनिक ॲसिड जोडून एस्टर केला की आर्टेसुनेट, ज्याचं सोडियम सॉल्ट पाण्यात विरघळतं म्हणून शिरेतून देता येतं, आणि गंभीर मलेरियात आज सगळ्यात आधी तेच देतात. हे सगळं करताना रेणूतला तो दोन ऑक्सिजनचा पेरॉक्साइड पूल मात्र जपला, कारण तो तुटला की मलेरियावरचा परिणामच जातो. मला या कामातलं खरं कौशल्य तिथे दिसतं, रेणूला कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात नाही. रिअ‍ॅक्शन तर पुस्तकात बघूनही लावता येते.

आणि हो, बाबा पूर्ण चूक नाहीयेत, हे त्यांना आवर्जून सांग. 1897 च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं वनस्पतींतून आलेल्या सॅलिसिलिक ॲसिड या वेदनाशामकावर ॲसिटिल ग्रुप (दोन कार्बनचा छोटा गट) लावला, ॲस्पिरिन झालं, पोटाला होणारा त्रास कमी झाला. त्याच महिन्यात, त्याच माणसानं, तीच ॲसिटिलेशनची रिअ‍ॅक्शन अफूतल्या मॉर्फिनवर केली आणि हातात हेरॉइन आलं, जे पुढे खोकल्याचं औषध म्हणून विकलं गेलं. मेंदूत मॉर्फिनपेक्षा लवकर शिरतं, व्यसन भयंकर. म्हणजे बदल केला की सुधारणाच होते असं काही नाही, काय झालं ते तपासावं लागतं, वर्षानुवर्षं. ॲस्पिरिनचा तो ॲसिटिल ग्रुप प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या पेशींमधल्या एन्झाइमवर कायमचा जाऊन बसतो आणि त्यामुळे गुठळ्या कमी होतात, हे कळायला तर 1970 चं दशक उजाडलं.

आणखी एक गोष्ट तुला आत्ताच सांगतो, कारण पत्रात तू करक्युमिनचं, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचं, नाव फार उत्साहानं घेतलंयस. त्याच्यावर हजारो पेपर आहेत, पण 2017 मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत एक मोठा रिव्ह्यू आला, त्यात लिहिलंय की 120 हून जास्त क्लिनिकल ट्रायल होऊनही प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलना केलेली एकही डबल ब्लाइंड ट्रायल, म्हणजे कोणाला काय दिलंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली चाचणी, यशस्वी ठरलेली नाही. रेणू अस्थिर आहे, रक्तात फारसा पोचत नाही, आणि टेस्ट ट्यूबमधल्या चाचण्यांत खोटे सिग्नल देतो. त्यात बदल करून बघणारे खूप लोक आहेत, तूही कर पाहिजे तर, पण मूळ परिणाम खरा आहे का हे आधी विचारायचं, नाहीतर पाच वर्षं चुकीच्या रेणूवर जातात, मी अशी मुलं बघितलीत आणि फार वाईट वाटतं.

आता नोकरी. औषध कंपन्यांत मेडिसिनल केमिस्ट असतात, ते नवे बदल करून बघतात, आणि प्रोसेस केमिस्ट असतात, जे तीच रिअ‍ॅक्शन ग्रॅमवरून किलोवर नेतात. दुसऱ्या कामाकडे मुलं बघतच नाहीत, मला ते कमी महत्त्वाचं अजिबात वाटत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध सुरुवातीला पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून काढायचे, साल काढली की झाड मरायचं, मग युरोपियन यूच्या पानांत एक जवळचा रेणू सापडला, पानं पुन्हा येतात, आणि त्याला बाजूची साखळी जोडून औषध बनायला लागलं. पेशंटला औषध मिळत राहिलं ते या कामामुळे. याशिवाय फूड इंडस्ट्री आहे, तिथे वनस्पतींमधल्या स्टेरॉल-स्टॅनॉल या कोलेस्टेरॉलसारख्या घटकांचे एस्टर करतात म्हणजे ते फॅटमध्ये नीट मिसळतात, रोज साधारण 2 ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 10 टक्क्यांच्या आसपास उतरतं. कॉस्मेटिक्स आहे, एन्झाइम वापरून साखर जोडणाऱ्या बायोटेक कंपन्या आहेत. पण स्वतंत्रपणे रेणू डिझाइन करायचा असेल तर बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते, एमएस्सीवर बेंचवरचं, म्हणजे लॅबमध्ये प्रत्यक्ष प्रयोग करायचं काम मिळतं. हे घरी आत्ताच स्पष्ट सांग, नंतर कुरबुर नको.

फार्मसीचं म्हणशील तर चूक वगैरे काही नाही. या कामात ऑरगॅनिक केमिस्ट्री कच्ची असली तर निभत नाही आणि ती तुझ्याकडे जास्त पक्की होणार आहे, फार्माकॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्री मात्र तुला बाजूनं शिकावी लागेल, औषध शरीरात शोषलं कसं जातं, मोडतं कुठे, बाहेर कसं पडतं, एवढं तरी. एमएस्सीला ऑरगॅनिक किंवा मेडिसिनल केमिस्ट्री घे, एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखायचा आलेख, वाचायला शीक, खरंच शीक, पाठ करून नाही.

आणि निर्णय घ्यायच्या आधी सुट्टीत दोन महिने कुठल्या तरी ऑरगॅनिक लॅबमध्ये काढ. मिश्रणातले पदार्थ वेगळे करायला कॉलम लाव, ते तपासायच्या टीएलसी प्लेटवर चार स्पॉट दिसतील आणि त्यातला आपला कुठला ते कळणार नाही, यील्ड, म्हणजे हातात आलेला पदार्थ, 8 टक्के येईल, परत लावशील, परत तेच. संध्याकाळी हे का झालं असेल असा विचार डोक्यात घेऊन घरी गेलीस तर हे काम तुझं आहे, नुसती चिडचिड होत असेल तर ॲनालिटिकल किंवा क्वालिटीकडे बघू, तिथेही चांगलं काम आहे. गाइडना मेल करताना "मला नॅचरल प्रॉडक्टमध्ये इंटरेस्ट आहे" एवढंच लिहू नकोस, असे मेल त्यांना खूप येतात. एक रेणू निवड, त्याची अडचण काय ते दोन ओळीत लिही, विरघळत नाही का लवकर मोडतो का पोटाला लागतो, आणि रचनेतली कुठली जागा तू बदलून बघशील ते लिही. चुकलं तरी चालेल. पाठवायच्या आधी मला दाखव, मी वाचून देतो.