गणित चुकतं म्हणून ब्रांचच सोडायची का?

नाशिकमध्ये समुपदेशन करताना इंजिनीअरिंगच्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो, फॉर्म्युले पाठ आहेत तरी उत्तर चुकतं, मग मला हे झेपतच नाहीये का, ब्रांच सोडून देऊ का. ओळख लपवून एक केस सांगते.

ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाची मुलगी, वडील सातपूरला कंपनीत, अँटेनाचा पेपर राहिलेला. आल्या आल्या वडीलच सुरू झाले, "मॅडम, हिला सरळ बीकॉमला टाकू का?" आणि ती मान खाली घालून ओढणीला गाठ मारतेय, सोडतेय, परत मारतेय. त्यांना म्हटलं दादा, तुम्ही जरा बाहेर बसा, चहा घ्या. आणि तिला वही काढायला लावली, माझं बीएस्सी फिजिक्सचं आहे म्हणून हे जमलं.

गणित रडारच्या लेन्स अँटेनाचं, म्हणजे रेडिओ लाटांचा सरळ झोत (बीम) बनवणाऱ्या लेन्सचं. फ्रिक्वेन्सी 10 गिगाहर्ट्झ, हवेत वेव्हलेंथ 3 सेंटीमीटर, बरोबर. लेन्स टेफ्लॉनची, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) 1.45, म्हणजे आत वेव्हलेंथ 2.07, तेही बरोबर. आता लेन्स जाड आणि जड होते म्हणून तिला पायऱ्या पाडतात, त्या एका पायरीची उंची काढताना हिने 2.07 भागिले 0.45 (इंडेक्स वजा 1) केलं, आलं 4.6. घोळ इथे होता! तिथे वेव्हलेंथ हवेतली लागते, 3 भागिले 0.45, म्हणजे 6.67.

पण नुसतं "हे चुकलं" ऐकून ऐकूनच तर ती पोरगी खचली होती. म्हणून म्हटलं, 6.67 सेंटीमीटर टेफ्लॉनमध्ये किती लाटा बसतात मोज बरं. 3.22. तेवढ्याच हवेत? 2.22. फरक बरोब्बर एका लाटेचा, म्हणजे तेवढं टेफ्लॉन कापून टाकलं तरी फेज, म्हणजे लाटांचा ताल, जुळलेलीच राहते. मग तिचंच 4.6 घालून मोजायला लावलं, फरक आला 0.69 च्या आसपास. क्षणभर थांबली आणि स्वतःच म्हणाली, "मॅडम, मग तर बीमच नीट बनणार नाही ना!"

जिला एवढं कळतं तिचं बेसिक कच्चं कसं असेल? वडिलांना आत बोलावून हेच सांगितलं, ब्रांचचा विषय आत्ता काढूच नका, आधी जुन्या पेपरांमध्ये नेमकं कुठल्या ओळीला घसरते ते तिला शोधू द्या. त्यांना लगेच पटलं असं नाही, फीचं टेन्शन खरंच आहे त्यांना. ती अजूनही येते, पेपरात वेळ पुरत नाही ही तक्रार आहे, सध्या त्यावर काम चालू आहे.